तीनशे चाळीस मीटरवरचा लंबगोल

मी एक लंबगोल आहे. निळ्या रेघेचा, उभट, कोंबडीनं घाईत घातल्यासारखा. रस्त्याच्या नकाशांच्या गठ्ठ्यात अठराव्या पानावर, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून तीनशे चाळीस मीटरवर, माझा मुक्काम असतो. माझ्या शेजारी लिहिलंय, ‘पाणी, ६०० मिमी’. आता लिहिणाऱ्यानं लिहिलं म्हणून काय झालं? मी जन्मात पाण्याचा थेंब पाहिला नव्हता.

पाव कापतात तसा रस्ता दर वीस मीटरवर आडवा कापला, तर कापलेल्या तोंडावर काय काय दिसेल, त्याचं चित्र म्हणजे क्रॉस सेक्शन. खरा रस्ता असा कापत नाहीत. लोक ऐकून घेणार नाहीत. ते काम सॉफ्टवेअर करतं. सर्व्हेवाल्यांनी चार ठिकाणी खड्डे घेतले, जमिनीखालच्या पाइपाच्या पाठीची पातळी मोजली आणि आकडे ऑफिसात पाठवले. ते आकडे जोडून एका मुलीनं संगणकात अख्खा पाइप जमिनीखालून ओढत नेला, आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मी आणि माझी अठ्ठावीस भावंडं जन्मलो. सगळे एकाच अंगाचे काप!

मुलीच्या लग्नाला दोन महिने झाले होते, म्हणून ऑफिसात तिचं नाव ‘नवरीबाई’. बोलणं अगदी मोजून मापून. “हो सर,” “झालं सर,” आणि जेवणाच्या सुट्टीत “नको, पोट भरलं.” पण त्या दिवशी तिनं मला पडद्यावर मोठं केलं, हनुवटी तळहातावर टेकली आणि हळूच म्हणाली, “रोज तुझ्यावरूनच चालत येते की रे मी!”

माझ्याशी असं कुणी बोलेल, हे मला खरंच वाटलं नव्हतं.

मग तिच्या कपाळाला आठी पडली. पडद्यावर एक लाल रेघ होती. नव्या रस्त्यासाठी जिथवर खोदायचं, त्याची खूण. माझी भावंडं सगळी त्या रेघेखाली निमूट बसली होती. माझं एकट्याचं डोकं रेघेच्या वर आलं होतं.

ती हे सांगायला उठणार, तेवढ्यात साहेबच आले.

“हे काय गं? पाइप आहे की अंडं?”

“सर, उंची पाचपट दाखवलीय, म्हणून ते—”

“तीस वर्षं पाइप बघतोय मी. गोल असतो. सगळे गोल करून टाक. उद्या दुपारी नकाशे साइटवर जायचेत, परवा खोदायचं मशीन लागेल.”

“हो सर.”

तिनं एक टिचकी मारली आणि आम्ही सगळे गोल झालो. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर देखणं वाटलं. पण गोल होताना माझं डोकं खाली दबलं. लाल रेघ आणि मी यांच्यात छान मोकळी जागा दिसू लागली. अशी जागा बघून कुणीही निर्धास्त मशीन लावलं असतं. जमिनीतला पाइप मात्र होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. शिलाई मशीनवरून सासूबाई म्हणाल्या, “कालपासून त्या गोळ्याकडे काय बघतेयस? चहा गार झाला.”

मग ती बोलली. चढउतार नीट दिसावेत म्हणून चित्रात उंची कशी ताणतात, साहेब काय म्हणाले, सगळं. या घरात आल्यापासून ती एका दमात एवढं बोललीच नव्हती. सासूबाईंनी ठिपक्याठिपक्यांचं एक ताणलं जाणारं कापड उचललं आणि उभं ओढलं.

“ठिपके लांबट झाले. बरोबर?”

“हो.”

“आता तुझे साहेब म्हणतात, ताणलेल्यावरच गोल ठिपके काढ. काढले. कापड सोडल्यावर काय होईल?”

“चपटे होतील.”

“मग हेच सांग की त्यांना!”

“आई, ते तीस वर्षं काम करतायत.”

“मी बत्तीस वर्षं शिवतेय. माप चुकून बाही कापली, तर कापड काय माझी वर्षं विचारतं?”

ऑफिसात ती साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिली.

“काय गं?”

“सर, पाइप लांबट नाहीये. कागद ताणलाय.”

एवढं बोलून तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. उंची आणि रुंदी एकाच मापात केलेला माझा छेद तिनं तयार ठेवला होता. त्यात रस्ता फितीसारखा चपटा झाला होता, मी अगदी गोल होतो, आणि तरीही माझं डोकं लाल रेघेच्या वर होतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “किती वर आहे?”

“पाच सेंटिमीटर.”

“मशीनच्या बकेटचा दात याहून लांब असतो,” ते पुटपुटले आणि त्यांनी फोन उचलला. “तीनशे चाळीसला मशीन लावू नका. आधी हातानं खड्डा घ्या.” चुकलो असं काही ते म्हणाले नाहीत. “अंडी परत ठेव,” म्हणाले, आणि थोड्या वेळानं, “उद्या साइटवर तूही चल.”

साइटवर मातीच्या ढिगावर अठरावं पान पसरलं गेलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले गेले. दोन मजूर जपून खोदत होते. मुकादम काठावर उकिडवे बसले होते. मशीन बाजूला गप्प उभं होतं.

आणि मग फावड्याला टण्ण आवाज आला.

मातीतून एक काळी, ओली पाठ वर आली. केवढी रुंद! दोन्ही बाजूंची माती काढून मुकादमांनी टेप लावला. “साठ सेंटिमीटर. कागदावर किती आहे?”

“साठच,” ती म्हणाली.

मुकादमांनी एकदा बकेटच्या दातांकडं पाहिलं आणि कानाच्या पाळीला हात लावला.

ती गुडघ्यांवर बसली, खड्ड्यात वाकली आणि तिनं तळहात पाइपावर ठेवला. “थरथरतोय,” ती कुजबुजली.

“मग! पाणी चालू आहे, बाई. टेकडीवरची वस्ती आत्ता हंडे-बादल्या भरत असेल.”

मी दगडांखाली पडून बघत होतो. ज्याचा मी एक पातळ काप, तो इतका मोठा होता! कुणाला दिसत नाही, कुणी नाव घेत नाही, आणि आत अंधारात अख्ख्या वस्तीची तहान वाहून नेतोय. माझी निळी रेघ तेव्हा जरा थरथरली. वारा असेल म्हणा.

तिथं रस्ता पंधरा सेंटिमीटर वर उचलायचं ठरलं. संध्याकाळी खड्डा बुजवला. आता वर गुळगुळीत डांबर आहे, आणि खाली तो आहे हे वरून जाणाऱ्या कुणाच्या गावीही नाही. मी ऑफिसच्या कपाटात गुंडाळून पडलोय, कडांना तिथली माती आहे.

तुम्ही त्या रस्त्यानं खुशाल जा. पण उद्या कधी तिथं खणायला निघालात, तर आधी कपाट उघडा आणि मला सोडवून पसरा. त्याला वर येऊन सांगता येत नाही. त्याच्या वतीनं बोलायला मीच आहे.