चौकटीतला हिरवा डोंगर

मी एक जुना आलेख आहे. संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे छोटी चौकट असते. तिच्यात इंटरनेटची ये-जा दाखवणारी हिरवी रेघ म्हणजे मी. राईचा पर्वत करणारी माणसं पुष्कळ असतात. मला तर घडवणाऱ्या प्रोग्रॅमरने तेच काम दिलं. थेंब असो की पूर, चौकट काठोकाठ भरायची. खरा आकडा कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. एकदा मी असा उसळलो, की पडद्यावरच्याच शेजारच्या खिडकीतल्या बातमीदाराने घाबरून मान बाजूला घेतली. खोटं वाटेल, पण मी पाहिलंय!

माझ्या घरी एकच संगणक. धाकटा दीर त्यावर इमारतींचे नकाशे काढून पाठवी. दुपारी त्याची वहिनी दूर गावी राहणाऱ्या आपल्या आईशी व्हिडिओवर बोले. आई मूकबधिर. तिची बोटं वाचायला मोठा पडदाच लागे.

एका दुपारी नकाशा जाता जाईना. दिराने माझ्याकडे पाहिलं. मी फुगून बसलेलो.

"वहिनी, आई आहे की धरण? सगळं इंटरनेट पिऊन टाकलं. बंद करा तो कॉल!"

"भावजी, उद्या तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. घाबरलीय ती."

"मग साधा फोन करा ना!"

"फोनवर हात ऐकू येतात का?"

त्याने कॉल तोडलाच. आईचा हात हवेत तसाच राहिला नि पडदा काळा झाला. वहिनी आत गेली. आणि खरं सांगू? त्या क्षणीसुद्धा मला माझ्या उंचीचा अभिमान वाटत होता.

आता संगणक इंटरनेटवरून फक्त घड्याळाची वेळ जुळवत होता. तो थेंबही मी सवयीने छपराला नेला.

"आता कोण पितंय?" दीर काचेला नाक लावून आकडा वाचू लागला. तो जेमतेम शून्याच्या वर होता. मग त्याने नकाशा मागवणाऱ्या कचेरीत फोन लावला.

"अहो, आमचाच मेलबॉक्स तुडुंब भरलाय," तिकडून उत्तर आलं. "नकाशा काय, चिठ्ठी शिरायची नाही!"

"वहिनी, आईला लावा. मी गाढव आहे."

"ते तिला तुम्हीच सांगा."

आई पडद्यावर आली. डोळे पुसून पुसून लाल झालेले. दिराला एकही खूण येईना. त्याने सरळ दोन्ही कान धरले. आई बघत राहिली, मग हसली, आणि तिचे हात लेकीशी बोलू लागले.

मित्रांनो, डोंगर दिसला की आधी आकडा वाचा. मगच कुणाकडे बोट दाखवा. दिराने कान धरले तेव्हाही मी चौकट भरून ताठ उभा होतो. मला कान नाहीत. असते, तर मीही धरले असते.