साठ सेंटीमीटरच्या वर

माहितीपत्रकातून गाळलेलं वाक्य माझं होतं. 'विटेच्या पातळ भिंतीला साठ सेंटीमीटरच्या वर फळ्या लावू नयेत.' नऊ शब्द. चाचणीच्या अहवालात तळाशी 'शेरा' असा एक रकाना असतो आणि तो बहुतेक वेळा रिकामाच जातो. मी तो भरला होता. पत्रक छापून आलं तेव्हा त्यात गळतीचा आकडा ठळक होता, हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र होतं आणि माझा शेरा नव्हता.

आमचा कारखाना पुराच्या फळ्या करतो. दाराच्या दोन्ही अंगांना चॅनल ठोकायचं, पाणी चढू लागलं की त्यात ॲल्युमिनियमच्या फळ्या एकीवर एक सरकवायच्या, वरून स्क्रू आवळायचा. पाणी ओसरलं की काढून माळ्यावर टाकायच्या. खिडकीलाही तसंच. एक फळी वीस सेंटीमीटरची. त्यांची गळती मोजणं हे माझं काम. लोखंडी टाकीत चौकट बसवलेली, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मी, मोजपात्र आणि घड्याळ. सहा फळ्या, एकशे वीस सेंटीमीटर पाणी, तासाभरात गळती अर्धा पेला. फळ्या चांगल्या आहेत. हे मी आजही म्हणेन.

पण टाकी लोखंडाची आहे आणि घरं लोखंडाची नसतात. पाण्याची उंची दुप्पट झाली की त्याचा रेटा चौपट होतो. साठ सेंटीमीटर पाणी मीटरभर लांबीच्या भिंतीला एकशे ऐंशी किलोनं ढकलतं, एकशे वीस सेंटीमीटर पाणी सातशे वीस किलोनं. दार उघडं असलं की पाणी घरात येतं, घाण करतं, पण आतून तेवढंच उलटं ढकलतं आणि भिंत उभी राहते. फळ्या लावल्या की आतला हा आधार जातो. नऊ इंची भिंत कदाचित सोसेल. चार इंची नाही.

कारखान्याच्या मालकांना सगळे पाठीमागे कोरडेसाहेब म्हणत, कारण 'कोरडं घर, सुखी घर' हे घोषवाक्य त्यांनी स्वतः रचलं होतं आणि ते फोन उचलतानाही म्हणत. पत्रक हातात घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले.

"बाई, आपण भिंती विकतो का?"

"नाही."

"मग भिंतीबद्दल बोलायचं कशाला? गिऱ्हाईक विचारतं, पाणी येईल का. तुमची टाकी म्हणते, नाही येणार. संपलं."

"गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं म्हणून तर लिहायला हवं."

"आणि लिहिल्यावर सहा फळ्या कोण घेईल? तीन-तीनच खपतील. तुमचा शेरा माझ्या फाइलमध्ये आहे, नीट जपून ठेवलाय. आणखी काय पाहिजे?"

मी गप्प बसले. माझी सही गळतीच्या आकड्याखाली होती, आकडा खरा होता, असं स्वतःला समजावलं. त्याच आठवड्यात ताईनं विचारलं, घेऊ का गं तुमच्या फळ्या? मी म्हणाले, घे, थेंब येणार नाही.

चार महिन्यांनी, सकाळी साडेनऊला, भावोजींचा फोटो आला. नदी पहाटेच गल्लीत शिरली होती. दाराला सहा फळ्या, खिडकीला फळ्या, फटींना पांढरं सिलिकॉन, आणि खाली ओळ: 'बघा शास्त्रज्ञबाई, मुंगीसुद्धा जाणार नाही.' भावोजी खिडक्यांच्या चौकटी बसवतात. त्यांनी बसवलेल्या खिडकीत कागद सरकत नाही, असं त्यांची गिऱ्हाइकं सांगतात. गल्लीतल्या आणखी पाच घरांना फळ्या त्यांनीच लावून दिल्या होत्या, आणि कोणी शेजारधर्म म्हटलं की लाजत.

मी फोटो मोठा करून भिंत बघत होते. ताई पुस्तकबांधणीचं काम करते. तिला जागा हवी म्हणून भावोजींनी पुढचा व्हरांडा भिंत घालून आत घेतला होता. भिंत चार इंची. वर पत्रे, आणि पत्र्यांचा भार त्याच भिंतीवर.

कोरडेसाहेबांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "वा. हा फोटो जाहिरातीला घेऊ."

"ज्यांना सहा फळ्या विकल्यात त्यांना फोन करा. वरच्या तीन काढायला सांगा."

"पूर दारात असताना? आमचा माल काढून टाका, असं आपणच ओरडत सुटायचं?"

मी पिशवी उचलली.

"अर्धा दिवस मांडू का?" त्यांनी विचारलं.

"मांडा."

ताईच्या घराची मागची गल्ली चढावर आहे. स्वयंपाकघराचं दार तिकडे उघडतं आणि तिथून सहा पायऱ्या उतरून पुढची खोली. मी पोहोचले तेव्हा पुढची खोली कोरडी ठणठणीत होती आणि त्याचीच मला भीती वाटली. ग्रंथालयाकडून बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या चळती जमिनीवर होत्या. ताईच्या सासूबाईंची खाट उजेडासाठी त्याच भिंतीला लावलेली. वर्षभर त्या उठलेल्या नव्हत्या, पण जीभ मात्र रोज सगळ्या घरात फिरून यायची.

मी दाराशी जाऊन सहाव्या फळीवरून बाहेर पट्टी सोडली. अडुसष्ट. म्हणजे पाणी बावन्नवर होतं.

"भावोजी, वरच्या तीन फळ्या काढायच्या. आत्ता."

भावोजी हसले. "आधी चहा घ्या. चालत आलात ना?"

"अजून कोरड्या आहेत, हातानं निघतील. पाण्याचा दाब आला की जागच्या हलणार नाहीत."

"काढायच्या म्हणजे?" ताई हातातली सुई तशीच धरून उठली. "पाणी आत येईल की."

"हो."

"किती?"

"बाहेर असेल तेवढं."

ताईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की लहानपणी तिची वही भिजवली होती तेव्हाही टाकली नव्हती. "चिमे, थेंब येणार नाही हे कोण म्हणालं होतं? इथंच, त्या स्टुलावर बसून?"

"मी. ते पाण्याबद्दल होतं. भिंतीबद्दल मी बोलले नाही."

"का नाही बोललीस?"

साहेबांनी गाळलं, हे उत्तर तयार होतं. पण ते अर्धंच होतं. माझ्या बहिणीला सांगायला मला पत्रक लागत नव्हतं. नोकरीच्या जागी गिळलेला शब्द घरी येऊनही गिळलेलाच राहिला होता.

"ही भिंत मी घातलीय," भावोजी म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. "माझ्या हातची."

"चार इंची ना?"

"चार इंची. नऊ इंचीनं जागा खाल्ली असती. मग?"

"मध्ये खांब?"

"नाही."

"साडेतीन मीटर लांब आहे. पाणी सहाव्या फळीला लागलं तर तिच्यावर अडीच हजार किलोचा रेटा येईल. भरलेला टेम्पो भिंतीला लावून ढकलल्यासारखं. तुमच्या कामात खोट नाही, भावोजी. तुम्ही फट ठेवली असती तर मी इतकी घाबरले नसते."

"आणि हे छापलं का नाही?"

"मी लिहिलं होतं. त्यांनी गाळलं."

"आणि तू गप्प बसलीस," ताई म्हणाली.

"हो."

"माझी खाट आधी हलवा, मग भांडा," सासूबाई म्हणाल्या. "तिघंही मोकळे उभे, आणि भिंतीला मी."

आम्ही तिघांनी खाट पायऱ्यांवरून वर नेली. सासूबाईंनी वाटेत एकदा, डावीकडे घ्या, भिंतीआधी तुम्हीच मारताय मला, असं ऐकवलं. खाली येऊन मी पुन्हा पट्टी सोडली. पाणी चोपन्नवर आलं होतं. भावोजी हात मागे बांधून फळ्यांसमोर उभे राहिले. स्वतः घट्ट बसवलेली वस्तू सैल करणं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. मग त्यांनी स्क्रूला हात घातला. सहावी निघाली, पाचवी निघाली. चौथी अडली, तिला दोघांनी ओढलं.

"पुस्तकं," ताई म्हणाली. "ही सगळी ग्रंथालयाची आहेत."

"थोडा वेळ आहे. जमतील तेवढी वर चढवू."

"फळ्या नसत्या ना, तर कालच सगळी वर नेली असती मी. तुझ्या शब्दावर एकही उचललं नाही."

ते खरं होतं. आम्ही पुस्तकं उचलायला लागलो. ती माझ्या हातातून चळत ओढून घ्यायची, जणू माझ्या हातूनच ती भिजणार होती. सव्वाबाराला पाणी तिसऱ्या फळीच्या काठाशी आलं, क्षणभर थांबल्यासारखं वाटलं आणि मग काठभर एकसारखं, गढूळ, आवाज न करता आत पडू लागलं. ताई पायरीवर उभी राहून बघत राहिली. दाबयंत्रात आवळलेली सोळा पुस्तकं तिथंच होती. बांधणीचा सरस ओला होता, ती सोडवता येत नव्हती.

भावोजी मागच्या दाराशी चपला शोधत होते. "पाच घरं आहेत. काय सांगू लोकांना?"

"मी येते. मी सांगते."

मागच्या गल्लीतून आम्ही दारोदार गेलो. प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीला भावोजींच्याच हातची तसली भिंत होती. चार घरांनी वरच्या फळ्या काढल्या; चौथीला पाणी नुकतंच लागलं होतं, ती जोर लावून ओढावी लागली. त्या चारही घरी मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. पाचवा घड्याळवाला. त्यानं डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं, खिडकीतून स्वतःच्या फळ्या पाहिल्या, आम्हाला पाहिलं.

"तुमच्या घरात पाणी शिरलं म्हणून माझ्याही घरात यायला हवं, असंच ना?" आणि दार लावून घेतलं.

पाणी चौऱ्याण्णववर थांबलं. ताईच्या घरात पाचवी पायरी बुडाली, सहावी राहिली. घड्याळवाल्याची भिंत पडली नाही.

हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते. त्याचं घर कोरडं राहिलं. तिसऱ्या दिवशी गल्लीत चिखल होता, पाच घरांसमोर गाद्या आणि कपाटं वाळत होती, आणि तो झाडलेल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. ताई माझ्याशी बोलत नव्हती. निरोप वर स्वयंपाकघरात सासूबाईंना द्यायची. "आई, तिला सांगा, ती बादली इकडे आण म्हणावं."

"मी काय टपाल आहे का?" सासूबाई वरून म्हणायच्या.

चार घरांतली माणसं जाता-येता थांबायची, घड्याळवाल्याच्या ओट्याकडे बघायची, मग माझ्याकडे. ताईची भिंत पडलीच असती, हे मी सिद्ध करू शकत नव्हते.

अकराच्या सुमाराला कोरडेसाहेब आले, बरोबर कॅमेरावाला घेऊन. ताईच्या दारापाशी थांबले, आतला चिखल पाहून चुकचुकले. "स्वतःच्याच माणसानं काढायला लावल्या म्हणे. मालाचा काही दोष नाही." मग पुढे होऊन घड्याळवाल्याचा हात हातात घेतला. फोटो त्याच्या घराचा काढायचा होता.

माझ्या हातात केरसुणी होती. ती मी खाली ठेवली, कारण धरून ठेवणं मला धोक्याचं वाटलं.

भावोजी मात्र घड्याळवाल्याच्या भिंतीकडे बघत होते. स्वतःच्या घरात जाऊन ते ओळंबा घेऊन आले. घड्याळवाल्याला विचारलंही नाही. स्टुलावर चढून दोरी भिंतीच्या माथ्याला लावली आणि वजन खाली सोडलं. ते हलायचं थांबेपर्यंत सगळेच थांबले. वर दोरी भिंतीला चिकटून होती. कमरेच्या खाली मी दोरी आणि भिंत यांच्यामध्ये बोटं घातली. दोन गेली, तिसरंही जवळजवळ गेलं. पुरानं भिंत आत ढकलली होती आणि विटांच्या एका थराखाली केसाएवढी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"मी घातली तेव्हा सरळ होती," भावोजी हळू आवाजात म्हणाले. "ओळंब्यानंच घातली होती."

कॅमेरावाल्यानं साहेबांना भिंतीसमोर उभं केलं. साहेब वीतभर पुढे उभे राहिले, हसले.

"साहेब, असे अवघडून नको," भावोजी म्हणाले. "जाहिरात आहे. पाठ टेका भिंतीला. जरा भार टाकून, ऐसपैस."

"ठीक आहे असंच."

"टेका की," ताई म्हणाली. ती केव्हा बाहेर आली मला कळलं नव्हतं. तिचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. "कोरडी आहे. कपडे खराब होणार नाहीत."

साहेबांनी मागे वळून दोरीकडे पाहिलं. दोरी आणि भिंत यांमधल्या जागेकडे पाहिलं. मग कॅमेरावाल्याला म्हणाले, "इथं उजेड बरोबर येत नाही," आणि भिंतीपासून दोन पावलं बाजूला झाले.

घड्याळवाल्यानं हे सगळं खुर्चीतूनच पाहिलं. उठला, आत गेला, आणि त्या भिंतीवर टांगलेली घड्याळं एकेक करून खाली उतरवू लागला. ताईनं हात पदराला पुसले आणि दारात जाऊन पहिलं घड्याळ घेतलं.

साहेब गाडीकडे निघाले. मी त्यांच्या आधी पोहोचले. "सहा फळ्या नेलेल्या घरांची यादी द्या."

"सोमवारी बोलू. तुम्ही सोमवारी कामावर आहात की नाही, तेही बोलू."

"नदी अजून उतरलेली नाही. वरच्या धरणातून पुन्हा पाणी सोडलं तर सोमवार फार लांब आहे. आज द्या."

ते गाडीत बसले, किल्ली फिरवली. गाडी मागे घेतल्याशिवाय वळण्यासारखी नव्हती. भावोजी ओळंबा गुंडाळत सावकाश आले आणि गाडीच्या मागे चिखलात हाताची घडी घालून उभे राहिले. मग चार घरांतली माणसं एकेक करून येऊन त्यांच्या बाजूला थांबली. कोणी आवाज चढवला नाही.

साहेबांनी काच खाली केली, माझ्याकडे न बघता फोन काढला, आणि ऑफिसला सांगितलं की यादी पाठवा.

"चिमे," ताईनं हाक मारली. तिच्या दोन्ही हातांत घड्याळं होती आणि राग अजून चेहऱ्यावर तसाच होता. "फोन नंतर कर. आधी हा माणूस भिंतीखालून बाहेर काढ, माझं ऐकत नाहीये."