संत नसलेलं चित्र

किल्लेदार गाउडेन्झने कागद टेबलावर आपटला. "यात संत कुठेय? मेरीमाता कुठेय? देवाशिवाय कुणी चित्र काढतं का? हा आपल्या शत्रूसाठी, व्हेनिसवाल्यांसाठी काढलेला नकाशा आहे!"

"डोंगर आवडला, म्हणून काढला, साहेब," हात बांधलेला चित्रकार योब्स्ट म्हणाला.

"आवडला म्हणे! डोंगर काय बायको आहे? आणि हा तुकडा कोरा का? काय लपवलंस?"

"तिथे रंग लावायच्या आतच तुमच्या माणसांनी मला उचललं."

किल्ल्यातली मोलकरीण वालबुर्गा दाराशी उभी होती. तिचा नवरा कासियान दरवाज्यावरचा पहारेकरी. त्यानेच या परक्याला तीन दिवस समोरच्या उतारावर बसू दिलं होतं. परका हेर ठरला तर त्याच्यासोबत कासियानही फासावर.

ती पुढे सरकली. चित्राकडे तिनेही संशयानेच पाहिलं. बुरूज, द्राक्षांचे मळे, खडकावरचं तांबूस शेवाळसुद्धा यानं सोडलं नव्हतं. पश्चिमेच्या कड्यावर मात्र नुसतं हिरवं गवत. तिथे खरं तर पायवाट होती. किल्ल्यात तान्ही पोरं नकोत असा गाउडेन्झचा हुकूम, म्हणून तिची लेक खाली गावात आजीकडे असायची. कामातून निसटून लेकीला पाजून यायचं, तर तीच एक चोरवाट. कासियानखेरीज ती कुणाला ठाऊक नव्हती.

बोललं तर वाट जाणार. गप्प राहिलं तर कासियान.

"मालक, हा हेर नाही."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"कड्यावरून थेट मागच्या दिंडी दरवाज्यापर्यंत वाट आहे. हेराने आधी ती काढली असती. यानं तिथे गवत रंगवलंय."

गाउडेन्झ स्वतः जाऊन पाहून आला. मग त्यानं चित्रकाराचे हात सोडवले आणि कासियानला ती वाट दगडांनी बुजवायला पाठवलं.

दरवाज्यापाशी वालबुर्गाने योब्स्टला गाठलं. "तीन दिवस बसला होतात. वाट दिसली नाही?"

"दिसली ना. तुम्हीही दिसलात, धावत उतरताना. म्हणून तर गवत रंगवलं."

तिने त्याचा चेहरा निरखला. भला माणूस, की वाट स्वतःसाठी राखून ठेवणारा? काही कळेना. तो वळून चालू लागला.

कड्याकडून दगडांचे आवाज येऊ लागले. तिची चोळी दुधाने ओली झाली होती. कुणालाही न विचारता, पहारेकऱ्यांच्या देखत, ती समोरच्या दरवाज्यातून बाहेर पडली. पुढे योब्स्ट चालला होता. मध्ये पन्नास पावलांचं अंतर राखून ती मोठ्या रस्त्याने गावाकडे उतरू लागली.