नळाचा फोर्स

आमच्याकडे माणूस नवीन घर बघायला आला की आधी खिडकीबाहेरचा डोंगर बघत नाही आणि हॉल किती मोठा आहे तेही बघत नाही. सरळ स्वयंपाकघरात जातो, नळ पूर्ण सोडतो आणि खाली तळहात धरतो. मग बायकोकडे वळून म्हणतो, "फोर्स आहे." ठाण्यापासून कल्याणपर्यंत मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरलंय.

मी क्षिप्रा. इमारतींच्या पाण्याचं डिझाइन करते. टाकी केवढी, पंप केवढा, कुठल्या नळातून मिनिटाला किती पाणी, हे सगळं मी ठरवते. चौदा वर्षं झाली, अजून माझा आकडा चुकलेला नाही. ही बढाई आहे असं वाटत असेल तर आहे.

घोडबंदर रोडला सुदेशशेठच्या दोन टॉवरचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं की टँकरच्या भरवशावर जगणारी इमारत मी काढून देणार नाही. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी शुद्ध करून फ्लशला वापरायचं आणि प्रत्येक नळाच्या तोंडाला बारीक जाळी बसवायची. जाळीमुळे पाण्यात हवा मिसळते. धार भरलेली दिसते, पण मिनिटाला बारा लिटरच्या जागी सहाच लिटर जातं. पाणी कमी लागलं की टाकी लहान होते, पंप लहान होतो आणि ते पाणी बाविसाव्या मजल्यावर चढवायची वीजही वाचते. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. जाळी गेली की बाकीचं डिझाइनही रद्दीत.

सुदेशशेठ माणूस हुशार. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, कागदावर झकास आहे. पण कागद बघून फ्लॅट कोण नाय घेत. रविवारी सॅम्पल फ्लॅट उघडतोय, त्यात तुमचे नळ लावा. लोकं फोर्स कमी आहे बोलली, तर सोमवारी साधे नळ मागवणार. पंपपण मोठा."

म्हणजे माझं दोन वर्षांचं काम एका रविवारावर टांगलं. मला काळजी नव्हती. शनिवारी मी स्वतः उभी राहून विठ्ठलकाकांकडून अकरा नळांना जाळ्या बसवून घेतल्या. काका साइटचे हेड प्लंबर, मूळचे खेडकडचे. तीस वर्षं पाइपात गेली. मी दिलेलं काम त्यांनी कधी वेडंवाकडं केलेलं नाही.

रविवारी माझी अपेक्षा होती त्याहून छान झालं. चाळीसएक कुटुंबं आली. मला शेठनी हॉलमध्येच बसवून ठेवलं होतं, कारण गिऱ्हाइकाशी इंजिनिअरने बोलायचं नाही असा त्यांचा नियम आहे. आतून नळांचे आवाज येत होते आणि बाहेर येणारी माणसं खूश होती. कुणी एका शब्दाने फोर्सबद्दल तक्रार केली नाही. चार वाजता शेठ माझ्यासमोर येऊन म्हणाले, "जिंकलात मॅडम. उद्या तुमच्याच नळांची ऑर्डर टाकतो."

मी हवेत होते. त्याच आनंदात हात धुवायला स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पाणी सिंकवर आपटून माझ्या कुर्त्यावर उडालं.

माझ्या नळाचं पाणी उडत नाही. मी वाकून नळाच्या तोंडात बोट घातलं. जाळी नव्हती. बाथरूममध्ये गेले, तिथेही नव्हती.

विठ्ठलकाका मागच्या दारात उभे होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून ओट्यावर ठेवली. आत अकरा जाळ्या होत्या.

"काका, हे काय केलंत?"

"सकाळी लवकर आलेलो. काढून ठेवल्या," ते म्हणाले. "मॅडम, लोकं नळाखाली हात धरतात. तुमचं पाणी हाताला लागतच नाय, कापसासारखं येतं. तुमची दोन वर्षांची मेहनत फुकट गेली असती. आता ऑर्डर पडू दे, बिल्डिंगीत जाळ्याच बसवू. कोणाला कळतंय?"

मला भयंकर राग आला. त्यातला निम्मा राग, खरं सांगायचं तर, 'कोणाला कळतंय' हे मलाही क्षणभर पटलं याचा होता. पण पुढचं मला स्पष्ट दिसत होतं. आज जोरदार धार बघून गेलेली माणसं राहायला येतील, बारीक धार बघून चिडतील आणि पक्कड घेऊन जाळ्या उपटतील. टाकी लहान, पंप लहान. आठ दिवसांत वरचे मजले कोरडे आणि गेटवर टँकर. माझ्याच नावाने.

मी हॉलमध्ये जाऊन शेठना सगळं सांगितलं. ते एका बाईंकडून फॉर्म भरून घेत होते. बाई डोंबिवलीच्या, निवृत्त शिक्षिका. मुलाचं ऑफिस इकडे म्हणून इकडे घर बघत होत्या. मंदाकिनी पटवर्धन, फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

शेठनी डोळे मिटून घेतले. "हे तुम्ही मला एकट्याला सांगायचं ना."

"यांनीही तोच नळ बघितलाय," मी म्हटलं.

मंदाकिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे मी बघितला तो नळ मला मिळणार नाही?"

"नाही."

"मग मिळणार आहे तो दाखवा."

स्वयंपाकघरात काकांनी मान खाली घालून जाळी बसवली. बाईंनी नळ सोडला, तळहात धरला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "फोर्स कमी आहे हो."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी आकडे सांगायला तोंड उघडलं, पण बाईंनी ओट्यावरचं गिऱ्हाइकांच्या चहाचं पातेलं उचललं होतं. तळाला दूध लागलेलं होतं. त्यांनी ते त्या धारेखाली धरलं, घासलं, विसळलं. शांतपणे, घरचंच असल्यासारखं. पाणी उडालं नाही. पातेलं लख्ख निघालं.

"भांडं निघतंय," त्या म्हणाल्या. "पण मी भांड्यासाठी फोर्स बघत नाही, बाळ. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. एकोणतीस वर्षं मी पहाटे उठून नळाला कान लावलाय. धार बारीक झाली की समजायचं, आज पिंप भरणार नाही. मी हात धरते तो पाणी उद्या येईल का ते बघायला. ते मला सांग."

चौदा वर्षं मी ज्या हातावर वैतागत आले, तो हात काय विचारत होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मला लाज वाटली. पण उत्तर माझ्याकडे होतं. मी चौदा वर्षं नेमकं तेच मोजत होते.

"येईल," मी म्हटलं. "बाविसाव्या मजल्यावर, मे महिन्यात, टँकरशिवाय. जाळी राहिली तर."

"लिहून देशील?"

शेठ मध्ये पडले. "आजी, पाण्याचं लिहून कोणी देत नाय. मी वीस वर्षांत दिलेलं नाय."

"म्हणूनच विचारलं."

मी त्यांच्या फॉर्मच्या मागे लिहिलं. टाकीचा आकार, माणशी रोजचं पाणी, जाळी काढू नये ही अट, आणि खाली माझी सही. बाईंनी वाचून कागद परत माझ्याकडे सरकवला. "फोन नंबर. कंपनीचा नको, तुझा."

मी माझा नंबर लिहिला. शेठनी तो कागद दोनदा वाचला, मग माझ्या सहीखाली स्वतःची केली. "उद्यापासून येईल त्याला जाळीचाच नळ दाखवायचा," ते काकांना म्हणाले. "आणि आज आलेल्या सगळ्यांना परत बोलवा." मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "मॅडम, आता लिहून दिलंय. पंप तरी एक नंबर मोठा घेऊया का? सेफ."

चारशे चाळीस घरांचं पाणी मोजताना मला कधी भीती वाटली नव्हती. या एका बाईंचं मोजताना वाटली. मी सगळे आकडे मनात पुन्हा एकदा लावून बघितले.

"नाही," मी म्हटलं. "लहानच."