न बसवलेला पंप

उस्तादाने आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोलून कधी काम केलं नव्हतं. केलं ते एकदाच, आणि तेही नेमकं जावयाचं.

जावई गॅरेजात आला तो काखेत खोका मारून. खोक्यात शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला पेट्रोलचा पंप होता, साध्या पंपाच्या दुप्पट पेट्रोल फेकणारा. जावयाची गाडी मात्र चार दारांची, घरगुती, कारखान्यातून आली तशीच. तिच्या इंजिनाला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"बाबा, हा बसवला की बघाच. गाडी नुसती उडेल!"

"जावईबापू, पाहुण्याला तहान एका पेल्याची. त्याच्यापुढे तांब्याऐवजी घागर ठेवली, म्हणून तो घागर पिणार आहे का? इंजिन तेच, तर ते पिणार तेवढंच. उरलेलं आल्या वाटेने परत टाकीत."

"तुम्ही जुन्या वळणाचे," जावई हसून म्हणाला. "जमत नसेल तर राहू द्या, मी दुसरीकडे टाकतो."

या 'दुसरीकडे'लाच उस्ताद भ्याला. दुसरीकडचा कोणी दीडशहाणा हा पंप डोळे झाकून बसवणार. पंप जास्त करंट ओढणार, मागच्या सीटखालची जुनी वायर तापणार, कडक झालेला रबरी पाइप कुठेतरी गळणार. वायर तापलेली आणि शेजारी पेट्रोल! आणि त्याच गाडीतून त्याची एकुलती एक लेक रोज कामावर जायची.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, ह्यांना नाही म्हणू नका हो. ऑफिसात ह्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही. जीव काय तो त्या गाडीवर. पण काही धोक्याचंही करू नका."

म्हणजे सापही मरायला हवा आणि काठीही तुटायला नको. उस्तादाने मग एक शक्कल लढवली, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर तो स्वतःच खूश झाला. त्याने मागची सीट काढली, टाकीचं झाकण उघडलं, जुना पंप बाहेर काढून त्याची जाळी धुतली आणि तोच पंप पुन्हा आत बसवला. फिल्टर नवा टाकला, प्लग साफ केले, चाकांत हवा भरली. नव्या पंपाचा खोका वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे गेला.

जावई एक फेरी मारून आला तो फुलून. "बाबा, मानलं तुम्हाला! काय पळतेय!"

उस्तादाने मान डोलावली. नंतर त्याने लेकीला खरं काय ते सांगितलं तेव्हा ती फोनवर इतकी हसली, की बापाचा जीव सुपाएवढा झाला. "कुणाला बोलू नका हं," ती म्हणाली. "मीही नाही बोलणार."

दोघांनीही शब्द पाळला. जावई मित्रांना गाडीत बसवून मिरवू लागला. आधी तो गाडी जपून चालवायचा. आता समोर मोकळी जागा दिसली की पाय दाबायचा. उस्तादाच्या कानावर हे आलं होतं. एकदा बोलायला हवं, असं त्याला वाटलंही. पण बोलायचं म्हणजे खोटं उघडं पाडायचं, आणि तेही जावयापुढे. तो आज-उद्या करत राहिला.

मग एका दुपारी चढावरच्या रस्त्यावर गाडी एका लांबलचक ट्रकला ओलांडायला बाहेर निघाली. समोरून बस आली. जावई जागच्या जागी गेला. लेक वाचली, पण कंबर मोडून.

इस्पितळात तिने बापाचा हात धरला आणि छताकडे बघत बोलत राहिली.

"ते म्हणाले, आता बघ बाबांच्या पंपाची कमाल. अर्ध्यात आलो तरी गाडी पुढे सरेना. ते पाय दाबतायत, दाबतायत. त्याआधीच मला म्हणता आलं असतं, की अहो, नको, तो पंप नाहीये गाडीत. अगदी ओठांवर आलं होतं, बाबा. पण म्हटलं, तुम्ही खोटे पडाल."

उस्तादाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या आगीला तो भ्यायला होता ती लागलीच नव्हती. वायर शाबूत होती, पाइप शाबूत होता.

तेवढ्यात व्याही आला. रोजच्यासारखा हातात सुनेच्या जेवणाचा डबा. तो त्याने उशाशी ठेवला.

"उस्ताद, राग मानू नका. लोक काहीबाही बोलतात, म्हणून विचारतो. त्या पंपात काही खोट होती का?"

"नाही, पप्पा," लेकच आधी बोलली. "पंप चांगला होता."

"म्हणजे चूक माझ्याच पोराची," व्याही म्हणाला आणि मटकन स्टुलावर बसला.

उस्तादाने फक्त गप्प बसायचं होतं. पण लेक पुन्हा त्याचीच अब्रू झाकत होती आणि त्या झाकण्यापायी तिचा संसार गेला होता. हे त्याला आता सोसेना. आपण खरं बोललो की निदान पोर तरी या ओझ्यातून सुटेल, असं त्याला वाटलं.

"व्याहीबुवा, पोराची चूक नाही. तो पंप गाडीत नव्हताच. माझ्या गॅरेजात फळीवर पडलाय. बसवला म्हणून मी त्यांना खोटं सांगितलं."

व्याह्याला आधी काही उमगेना. मग उमगलं. त्याने उस्तादाकडे पाहिलंसुद्धा नाही, सुनेकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"हो, पप्पा."

व्याही सावकाश उठला. उशाशी ठेवलेला डबा त्याने उचलला आणि तो खोलीबाहेर गेला.