खाऱ्या पाण्याची आंघोळ

मित्रांनो, देवळाली प्रवरा शिवारातल्या स्त्रीशिक्षणाचा भार गेली बारा वर्षं मी वाहतो आहे. हे वाचून तुम्हाला एखादे ध्येयवेडे गुरुजी आठवतील, म्हणून लगेच सांगून टाकतो : मी एका जीपच्या मागच्या उजव्या चाकाजवळचा जुना पाटा आहे.

पाटा म्हणजे पोलादाच्या सात वाकलेल्या पट्ट्या, एकावर एक रचून मधोमध बोल्टने आवळलेल्या. भट्टीत लाल करून, तेलात बुडवून आम्हाला घडवतात. खड्डा आला की आम्ही दबतो आणि पुन्हा कमान धरतो. वर बसलेल्यांना खड्डा कळू नये, एवढंच आमचं काम. आमच्या मालकाच्या, म्हणजे गोरक्षनाथच्या जीपमधून वस्त्यांवरच्या सहा मुली रोज कॉलेजला जातात. त्यांनी माझं नाव कधी काढलं नाही. पाट्याला याहून मोठी शाबासकी मिळत नसते.

जुन्या वस्तू आपल्या कहाणीत दुर्लक्षाचं रडगाणं गातात. माझी पंचाईत वेगळी आहे. माझ्याकडे फार लक्ष दिलं गेलं.

तीन वर्षांपूर्वी गोरक्षनाथने घराशेजारी बोअर घेतलं. उसाला पाणी पाजून पाजून तिथल्या जमिनीला मीठ फुटलं होतं, त्यामुळे पाणी लागलं ते भरपूर आणि खारट. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी जीप धुऊ लागला. इतर लोक वरून धुतात. हा जमिनीवर आडवा होऊन, पाइप आत घालून खालूनही धुवायचा. कारखान्याच्या रस्त्यावरची धूळ, उसाची चिपाडं, चिखल, सगळं निघून जायचं आणि आमच्या पट्ट्यांच्या फटींत मीठ उरायचं.

शेजारी म्हणत, "गोरख, जीपला आंघोळ घालतो तशी एकदा सोताला घाल की!"

तो हसून पाइप आणखी आत सारायचा. त्याच्या प्रेमाबद्दल मला आजही शंका नाही. गंज चढला तो त्या प्रेमानेच.

यंदा फेब्रुवारीत, बारावीची परीक्षा दहा दिवसांवर आणि जीपचं आरटीओकडचं पासिंग चार दिवसांवर आलेलं असताना, उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्यावर माझी दुसरी पट्टी कडकन तुटली. जीप उजवीकडे कलली. मुली उतरल्या. त्यांच्यातली सुकन्या तेवढी खाली वाकून बघत राहिली.

"काका, परीक्षेपस्तोर हुईल ना गाडी? पप्पा म्हनलेत, गोरखकाकाची गाडी नसंल तर पेपर पुढच्या वर्षी दे. दुसऱ्या कुनाच्या गाडीत न्हाई पाठवायचं."

गोरक्षनाथने मान डोलावली. ती हो म्हणून होती की घाम पुसण्यासाठी, ते मला खालून दिसलं नाही.

जीप कशीबशी घरी आली. रामहरी मिस्त्री हत्यारं घेऊन वस्तीवर आला, खाली शिरला आणि नखाने पट्ट्या खरवडून बघितल्या. मग म्हणाला, "गोरखभाऊ, ही गाडी कोकनातून आनली का?"

"काय बोलतो मिस्त्री! शोरूममधून घेतलीय, नगरच्या."

"मग समुद्र कुठं भेटला हिला? पट्ट्या एकमेकीला चिकटून बसल्यात. पापुद्रे निघत्यात बघ."

"आरं, रोज धुतो मी! खालून धुतो!"

रामहरी हात धुवायला नळावर गेला. चूळ भरली आणि थुंकला. ओट्यावर डाळ निवडणाऱ्या बायडाबाईंनी, म्हणजे गोरक्षनाथच्या आईने, मान वर केली.

"त्या पान्याची चूळ नको भरू, बाबा. त्या पान्यात डाळ शिजंना. तीन वर्सं झाली, डाळीला मी जारचं पानी घेते. याला म्हनलं हुतं."

"आये, जीपला काय डाळ शिजवायचीय?"

"न्हाई. पर डाळीला जे पचंना, ते लोखंडाला पचंल व्हय?"

यावर पुन्हा जीपखाली शिरलेला मिस्त्री इतका हसला की पाना त्याच्या हातातून निसटून छातीवर पडला.

मग तीन दिवस आमची सेवा झाली. बोल्ट काढून सातही पट्ट्या सुट्या केल्या. तारेच्या ब्रशने गंज खरवडला. तुटलेलीच्या जागी नवी घातली. ती अजून जरा तोऱ्यात असते. बायडाबाईंनी दोन जार दिले, त्या गोड्या पाण्याने आम्हाला धुतलं आणि उन्हात वाळवलं. सांध्यांमधली रबरं तेवढी ऑइलपासून जपली, कारण त्याने ती फुगतात. पट्ट्यांच्या मधे ग्रीस आणि वरून काळा रंग. त्या घरात दोन दिवस डाळ झाली नाही, पिठल्यावर भागलं. याबद्दल मी त्या माउलीचा जन्मभर ऋणी आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगणं. गाडी खालून धुता, फार चांगलं करता. पण आधी पाणी चाखून बघा. गोडं असेल तर धुवा, धुतल्यावर वाळू द्या, ग्रीस विसरू नका. आणि घरातली बाई पाण्याबद्दल काही सांगत असेल, तर पाइप खाली ठेवून ऐका.

चौथ्या दिवशी पासिंगला साहेब खाली वाकले, माझ्यावर बॅटरी मारली आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढची." गोरक्षनाथने त्यांना नमस्कार केला, मग मला केला, मग घरी येऊन आईला केला. पहिल्या पेपरला सहाही मुली वेळेवर पोचल्या. सुकन्या वाटभर धडा म्हणत होती आणि तिला एकही खड्डा कळला नाही.

पासिंगची मुदत एक वर्षाची असते, आणि बोअरचं पाणी अजून खारटच आहे.