भेगेवरची काच

सें-लुईच्या बेटावरचं हे दुमजली घर एका फ्रेंच व्यापाऱ्याने बांधलं. खाली गोदाम, वर राहायच्या खोल्या, रस्त्याकडे लाकडी सज्जा. आता ते जपणुकीच्या यादीत आहे आणि त्याची राखण मी करते.

अंगणाकडच्या भिंतीला भेग आहे. इंजिनिअर सेकसाहेबांनी मार्चमध्ये तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, वर तारीख लिहिली. "किनेताई, ही तुटली की भिंत हलली समजा. कुणालाही वर सोडायचं नाही."

गेल्या शुक्रवारी ती तुटली. मी कुणाला सांगितलं नाही. शेजारचं घर दोन महिन्यांसाठी म्हणून बंद केलं, त्याला सहा वर्षं झाली; आज तिथे बकऱ्या बांधतात. माझ्या घराचं तसं व्हायला नको होतं. मी खिडकीची काच कापून चिकटवली, तीच तारीख घातली. नको तिथे भारी डोकं चालतं माझं.

आज सकाळी शाळेची बत्तीस मुलं वर गेली. छतातून पायांचा धपधप आवाज येत होता. सहज भिंतीकडे पाहिलं, तर माझीही काच तुटलेली!

तेवढ्यात तपासणीला सेकसाहेबच आले.

"कशा आहात, किनेताई? घरचे? नवरा? पोरंबाळं?"

"बरे आहेत, देवाची कृपा," मी म्हणत राहिले.

त्यांनी काच पाहिली, चष्मा लावून तारीख वाचली. "सात महिने टिकली की! म्हणजे भिंत फार सावकाश सरकतेय. पोरांचं बघून होऊ दे, दुपारी टेकू लावू."

वरून मुलांना घर दाखवणारा मादियोप ओरडला, "चला रे, सगळे सज्जात! फोटो काढू!"

"साहेब, ती काच माझी आहे," मी म्हटलं. "तुमची शुक्रवारी तुटली. ही चार दिवसांत गेली."

त्यांचा चेहरा उतरला. "एकेकाला उतरवा," ते हळूच म्हणाले. "पळू देऊ नका."

मी वर गेले. आवाज होईल तेवढा गोड केला. "बाळांनो, खाली मासे-भात वाढलाय. एकेकाने या. ढकलेल त्याला मासा नाही!"

पोरं खिदळत उतरली. मी एकेक डोकं मोजत होते. एकोणिसाव्याला भिंतीतून मूठभर चुना गळला. मी हसतच राहिले.

बत्तिसावी मुलगी आणि तिच्यामागून मादियोप रस्त्यावर पोचले. सेकसाहेबांनी दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर हात पसरला.

"किल्ली," ते म्हणाले.

मी दिली.